कालियाचा फणा, हॉट ग्लू आणि दादासाहेब फाळके

मागच्या गणपतीत आमच्या घोटावड्याच्या मंडळाने कालियामर्दनाचा हलता देखावा करायचं ठरवलं आणि मी इंजिनिअर असल्यामुळे नाग माझ्या गळ्यात पडला. पाच फण्यांची बाहुली, आत वायरचा सांगाडा, वर फोम शीट आणि पुठ्ठा, हालचालीसाठी दोन सर्व्हो मोटर आणि एक अर्डुइनो. कोड मी एका रात्रीत लिहिला. जोडकामासाठी हॉट ग्लू गन वापरली, कारण ती पटकन होते आणि हिंजवडीहून घरी यायलाच मला नऊ वाजतात.

पहिल्या दिवशी आरतीनंतर दोन हॅलोजन लावले. अर्ध्या तासात मधला फणा हळूहळू कलला आणि कृष्णाच्या पायाखालून निसटून खाली आला. पोरं हसली. कोड चोख चालत होता, सर्व्हो चालू होता, फक्त फणा त्याच्यासोबत नव्हता. इन्फ्रारेड थर्मामीटर धरून बघितलं तर फोमचा पृष्ठभाग ७८ अंश दाखवत होता.

त्या रात्री मी दोन गोष्टी शोधत बसलो. कोणता गोंद उष्णतेत टिकतो, ही पहिली. कालियामर्दनाचा जुना सिनेमा संदर्भाला मिळतो का, ही दुसरी. दुसऱ्या शोधात दादासाहेब फाळके सापडले आणि मग पहिला शोधही त्यांच्याच आयुष्यातून जाऊ लागला. फाळके म्हटलं की आपल्याला पुरस्कार आठवतो. पण हा माणूस आयुष्यभर उष्णता आणि चिकटणाऱ्या गोष्टींशी झगडत होता, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. त्यांना मुंबईत विल्सन कॉलेजात नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आलं. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथून बडोद्याचं कलाभवन. आजच्या भाषेत सांगायचं तर हा मुलगा एकाच वेळी डिझाइन, आर्किटेक्चर, केमिस्ट्री आणि फोटोग्राफी शिकत होता. कलाभवनाचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी फाळक्यांना तिथला फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरायला दिली. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात फाळक्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली आणि तिला सुवर्णपदक मिळालं. म्हणजे सिनेमाच्या वीस वर्षं आधी ते मॉडेल बनवत होते.

त्या काळात प्रतिकृती आणि बाहुल्या जोडायला मुख्यतः दोन गोष्टी होत्या. एक सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सुतारांचा गोंद. दुसरी खळ, पिठाची किंवा चिंचोक्याची. इथे थोडं विज्ञान सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे.

चिकटणारे पदार्थ ढोबळमानाने दोन स्वभावांचे असतात. पहिला स्वभाव तुपाचा: तापवलं की पातळ, गार झालं की घट्ट, कितीही वेळा करा. हॉट ग्लूची कांडी अशीच आहे. गनमधून ती वितळून येते, पण साधारण ६० ते ८० अंशांपासूनच पुन्हा मऊ पडू लागते, वितळेपर्यंत थांबत नाही. माझा फणा तिथेच गेला. दुसरा स्वभाव खरवसाचा: एकदा बसला की पुन्हा तापवून त्याचं दूध होत नाही. दोन ट्यूब एकत्र करून लावायचा इपॉक्सी या गटातला. अर्थात खरवसही फार तापवला की बिघडतो. पाच मिनिटांत बसणारे इपॉक्सी बऱ्याचदा ६०-७० अंशांच्या पुढे ताकद गमावतात, सावकाश बसणारे जास्त टिकतात, म्हणून पाकिटावरचं तापमान वाचायचं. फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद ८० अंशांच्या आसपास दमतो. पांढरा फेव्हिकॉल सुकल्यावर कडक वाटतो, पण तोही तुपाच्याच जातीचा, वजन आणि ऊब एकत्र आली की हळूहळू सरकतो. सिलिकॉन मात्र २०० अंशांनाही हलत नाही, फक्त तो रबरासारखा लवचीक राहतो, म्हणून नेमकी, ताठ जागा हवी तिथे चालत नाही.

आणि चिंचोक्याची खळ? ही मजेशीर आहे. ती वितळतच नाही. सुकलेली खळ उष्णतेने मऊ पडत नाही, फार तापली तर करपते. तिचे शत्रू म्हणजे ओल आणि कसर. मुळशीच्या पावसात ती टिकवणं हा वेगळाच प्रकल्प आहे. सरस मात्र ऊब आणि ओल दोन्हींना घाबरतो.

सरस लक्षात ठेवा. तो परत येणार आहे.

फाळक्यांनी गोध्र्यात फोटो स्टुडिओ काढला. १९०० च्या प्लेगमध्ये त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेलं. ते बडोद्याला परतले. फोटोग्राफीचा धंदा नीट चालेना, कारण फोटो काढला की आयुष्य कमी होतं अशी लोकांची समजूत होती. मग त्यांनी जादूचे प्रयोगही केले, ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने. फाळके उलटं वाचा. १९०२ मध्ये सरस्वतीबाईंशी लग्न झालं. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफर म्हणून नोकरी, १९०६ ला तिचा राजीनामा. मग लोणावळ्यात छपाईचा कारखाना, राजा रविवर्म्याच्या प्रेससाठी काम, १९०९ मध्ये रंगीत छपाईचं तंत्र आणि यंत्रं पाहायला जर्मनी, मुंबईत भागीदारीतला छापखाना आणि शेवटी भागीदारांशी मतभेद होऊन त्यातून बाहेर. वय चाळीस, हातात काही नाही. लिंक्डइनवर असा सीव्ही आला तर एचआर पहिल्याच फेरीत बाजूला ठेवेल.

१९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी येशूच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला आणि डोक्यात कृष्ण, राम यांचे सिनेमे सुरू झाले. घरी छोटा कॅमेरा आणि काही रिळं आणून ते रात्री मेणबत्ती आणि भिंगाच्या मदतीने भिंतीवर चित्रं पाडत बसायचे. इतकं जागरण केलं की काही काळ दृष्टीच गेली, उपचारांनी परत आली. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले, तिथे सेसिल हेपवर्थ यांचा वॉल्टनचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला आणि दोन महिन्यांत परत आले.

पैसे लावायला कोणी तयार होईना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर थोड्या थोड्या फ्रेम घेत राहिले. पडद्यावर मिनिटभरात बीचा वेल झाला. फिल्मचं नाव ‘अंकुराची वाढ’. मी गणित केलं: सेकंदाला १६ फ्रेम धरल्या तर मिनिटाला ९६०, महिनाभराने भागल्या तर दिवसाला तीसेक. तुमच्या फोनमध्ये टाइमलॅप्सचं बटण आहे ना, ते बटण म्हणजे हाताने हँडल फिरवणारा, महिनाभर न कंटाळणारा एक माणूस होता. ही फिल्म पाहून भांडवल उभं राहिलं. तरी विम्याची पॉलिसी गहाण पडली आणि सरस्वतीबाईंचे दागिने गेले ते गेलेच.

सरस्वतीबाईंबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण खरी ‘लॅब’ त्या होत्या. कच्ची फिल्म तेव्हा कडेची भोकं न पाडता यायची. ती भोकं अंधारात बसून पाडायची, तीही रात्री, दिवसभर युनिटमधल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक उरकल्यावर. त्या रसायनं मिसळायच्या, फिल्म धुवायच्या आणि दिवसा उन्हात पांढरी चादर धरून कलाकारांच्या तोंडावर उजेड पाडायच्या. भारतातल्या पहिल्या फिल्म तंत्रज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं ते उगाच नाही.

आता सरस. सिनेमाची फिल्म म्हणजे काय? पारदर्शक पट्टी, आणि तिच्यावर चिकटवलेला जिलेटिनचा थर, ज्यात चांदीचे क्षार असतात. जिलेटिन म्हणजे शुद्ध केलेला सरस. हो, सुताराच्या डब्यातला तोच. चित्र त्या थरात असतं. युरोपात फिल्म साधारण १८-२० अंशांच्या पाण्यात धुवायची पद्धत होती. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचं पाणीच तीसच्या वर जातं. तिथे जिलेटिन फुगतं, सुरकुततं आणि पट्टीवरून सुटून वाहून जाऊ शकतं. म्हणून उष्ण देशांत फिल्म धुणारे बर्फ वापरायचे, किंवा तुरटीच्या जातीचे क्षार घालून जिलेटिन घट्ट करून घ्यायचे. ‘राजा हरिश्चंद्र’चं बहुतेक काम दादरच्या बंगल्यात, उन्हाच्या उजेडावर झालं आणि ३ मे १९१३ ला तो गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला. चार रिळं, सुमारे ३,७०० फूट. एक गोंद तापू न देता इतके फूट धुणं म्हणजे काय असेल, हे मला हॅलोजनखालच्या फण्यानंतरच कळलं.

आणि ही रिळं जोडायची कशी? दोन तुकडे जोडताना एका टोकावरचा जिलेटिनचा थर खरवडायचा, तिथे फिल्म सिमेंट लावायचं आणि दाबून धरायचं. या सिमेंटला गोंद म्हणणंही तसं चूक आहे. ते पट्टीला किंचित विरघळवतं, दोन्ही टोकं एकमेकांत मिसळतात, द्रावण उडून जातं आणि एकसंध पट्टी उरते. वेगळा थरच नाही, त्यामुळे उष्णतेत सांधा आधी सुटेल असा कमकुवत दुवाही नाही. जितकी पट्टी सोसेल तितका सांधा सोसेल. बाहुलीच्या कामात हा मोठा धडा आहे: प्लास्टिकला प्लास्टिक जोडताना शक्य असेल तिथे गोंद थापण्यापेक्षा द्रावणाने वितळवून जोडलं तर चांगलं. अॅक्रिलिकच्या ट्रॉफ्या बनवणारे हेच करतात. (खिडकी उघडी ठेवून. मी ठेवली नव्हती, दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्यावी लागली.)

१९१३ मध्येच फाळके नाशिकला गेले. १९१४ मध्ये पुन्हा लंडन, आणि नेमकं महायुद्ध सुरू झालं. पैशांचे झरे आटले, कच्चा माल महाग झाला. मोठा सिनेमा करणं अवघड झालं तेव्हा त्यांनी छोट्या फिल्म केल्या. त्यात १९१५ ची ‘आगकाड्यांची मौज’. काड्यापेटीतल्या काड्या एकेक फ्रेम हलवून नाचवायच्या. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्ये अशी काड्यांची फिल्म केली होती, ती कल्पना फाळक्यांनी इथे आणली. आज इन्स्टाग्रामवर स्टॉप मोशनच्या रील्स बनवणाऱ्या मराठी पोरांचे ते थेट पूर्वज. स्टॉप मोशनमध्ये बाहुलीला दिवे लावून तासन्‌तास एकाच जागी ठेवावं लागतं. दोन फ्रेमच्या मध्ये गोंद अर्धा मिलिमीटर सरकला तरी पडद्यावर बाहुली थरथरते. देखाव्यात फणा पडला की निदान कळतं, इथे तो पडतही नाही, नुसता हळूच ढळतो आणि चार तासांचं काम वाया जातं.

१९१७ मध्ये ‘लंकादहन’ आला. अण्णा साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले होते. पडद्यावर उडणारा मारुती आणि जळणारी लंका पाहायला लोकांची रीघ लागली. पुढच्याच वर्षी भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी, ‘श्रीकृष्णजन्म’, आणि १९१९ मध्ये ‘कालियामर्दन’. कृष्ण झाली होती त्यांची लहान मुलगी मंदाकिनी. सिनेमाच्या सुरुवातीला तिचे चेहऱ्यावरचे भाव दाखवले आहेत, मग ती मुलगी विरघळत कृष्ण होते. पुढे पाण्याखालची झुंज, भलामोठा नाग आणि त्याच्या डोक्यावर उभा कृष्ण. शंभर वर्षांपूर्वीचा नाग, आणि त्याचा फणा पडत नाही. मी तो भाग तीन वेळा थांबवून पाहिला. नाग म्हणून नाही, जोडकाम म्हणून.

पैसा आला तशी भांडणंही आली. खर्च किती, कशावर, कोण ठरवणार, हे भागीदारांशी पटेना. फाळके कंपनी सोडून काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ नाटक लिहिलं, मग १९२२ मध्ये पुन्हा त्याच कंपनीत आले. तोपर्यंत धंदा बदलला होता. पुढची दहा वर्षं मी भराभर सांगतो, कारण त्यांतही तेच तेच झालं: चित्रपट, वाद, कमी पैसा, पुन्हा चित्रपट. ‘सेतुबंधन’ १९३२ मध्ये मूकपट म्हणून झाला आणि बोलपटांची लाट आल्यामुळे त्याला नंतर आवाज चढवावा लागला. शेवटचा ‘गंगावतरण’ १९३७ चा, कोल्हापूर सिनेटोनसाठी, आणि त्यांचा एकमेव खरा बोलपट. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं. पाऊणशेहून जास्त, काही मोजणीत ९५ चित्रपट आणि पंचवीसेक लघुपट एवढं काम, आणि शेवटची वर्षं विस्मृतीत.

एवढ्या कामातलं आज हाताला काय लागतं? फार थोडं. कारण पुन्हा उष्णता. ती पारदर्शक पट्टी नायट्रोसेल्युलोजची असायची, आणि तिचं पेटणं भयानक असतं. ती स्वतःच ऑक्सिजन तयार करते, त्यामुळे पाण्याखालीही विझत नाही. कुजायला लागलेली पट्टी तर दीर्घकाळ ४१ अंशांच्या आसपास राहिली तरी आपणहून पेट घेऊ शकते. ४१ अंश म्हणजे आपल्याकडचा मे महिना. कोडॅकने १९५१ च्या सुमारास अशी पट्टी बनवणं थांबवलं, पण तोवर फाळक्यांचं काम याच पट्टीवर होतं. काही जळलं, काही कुजून चिकट गोळा झालं, काही चांदीसाठी वितळवलं गेलं.

१९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. तिथले पी. के. नायर यांनी फाळक्यांचे उरलेले तुकडे शोधून शोधून जमवले आणि सुरक्षित फिल्मवर त्यांच्या प्रती करून घेतल्या. ‘राजा हरिश्चंद्र’ची चारपैकी दोन रिळं, ‘लंकादहन’चा छोटा तुकडा, ‘कालियामर्दन’ बऱ्यापैकी. हे काम झालं नसतं तर मी तीन वेळा थांबवून काहीच पाहिलं नसतं. कारण जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागली आणि तिथली नायट्रेट रिळं जळून गेली. त्यांत फाळक्यांच्या चित्रपटांची मूळ रिळंही होती. घोटावड्यातून लॉ कॉलेज रोडला गाडीने तासाभरात पोचता येतं. इतक्या जवळ घडलेली ही गोष्ट मला २७ व्या वर्षी, एका पडलेल्या फण्यामुळे कळली.

माझ्या फण्याचं पुढे काय झालं ते सांगतो. दुसऱ्या दिवशी घोटावडे फाट्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून सावकाश बसणारा इपॉक्सी आणला. फोमला फोम नुसता चिकटवण्याऐवजी आत वायरचा सांधा केला आणि त्या सांध्यावर इपॉक्सी ठेवला, म्हणजे वजन वायर घेईल आणि गोंद फक्त जागा धरेल. रात्रभर हात लावला नाही, कारण पाकिटावर लिहिलेल्या वेळेआधी भार दिला तर इपॉक्सीचा काही उपयोग नाही. नागाच्या गळ्याभोवती, जिथे वाकायला हवं, तिथे सिलिकॉन. कागदाचे खवले मात्र आजीच्या हातच्या खळीने लावले. पिठात तिने चिमूटभर मोरचूद टाकला, कीड लागू नये म्हणून. ती खळ मुलांच्या हाती लागू नये, मोरचूद विषारी असतो, हे आजीनेच बजावलं. आणि मंडळाला मनवून हॅलोजन काढले, एलईडी लावले. पृष्ठभाग ३६ अंशांवर आला. खरं तर तेवढं एकच आधी केलं असतं तर हॉट ग्लूही दहा दिवस टिकला असता, पण मग मी हे सगळं वाचलंच नसतं.

विसर्जनानंतर नाग आमच्या पत्र्याच्या खोलीत गेला. एप्रिलमध्ये उत्सुकता म्हणून थर्मामीटर घेऊन आत शिरलो. पत्र्याखाली ५२ अंश. चार खवले गळून खाली पडले होते, उंदराने खळ खाल्ली होती. पाचही फणे जागेवर होते.